मधलं लाकूड

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. ललित लेख लिहिणाऱ्याजवळ काही वेगळी नजर असावी लागते, असं आम्हाला वर्गात शिकवलं. माझ्याजवळ ती आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील ट्रकच्या बॉड्या बांधणारे मिस्त्री, आजा हातमागावर लुगडी विणायचा. दोघांनीही कधी काही लिहिलं नाही, आणि त्यांच्या हातून जे तयार झालं ते कोणाच्या ना कोणाच्या कामी आलं. मला आजवर एकदाच काहीतरी सुंदर सुचलं होतं. ते कागदावर सुचलं असतं तर चाललं असतं. पण ते सुचलं वडिलांच्या कामात, एका माणसाच्या ट्रकसाठी. म्हणून आता चार चांगल्या ओळी लिहाव्या म्हटलं तरी हात मागे येतो. तरी लिहितो आहे, कारण मृग बहाराची, उन्हाळ्याच्या तोंडावरची संत्री पुन्हा बाजारात आली आहेत आणि गप्प बसवत नाही.

परवा नागपुरात इतवारीतून सायकलने घरी येत होतो. गल्लीच्या तोंडाशी हातठेल्यांवर संत्र्यांचे ढीग, त्यांच्यावर ओलं फडकं. ऊन अजून फार नाही, पण डांबराला वास यायला लागला आहे. लोकांनी कूलर बाहेर काढून घासायला घेतले आहेत. त्यांतलं जुनं, काळं पडलेलं गवत नालीच्या काठाला पडलेलं दिसतं. मी किलोभर संत्री घेतली. घरी आईने ती टोपल्यात ठेवली. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत तो वास लगेच भरतो. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, टोपल्याकडे पाहिलं आणि वरणभात जेवून उठले. संत्र्याला त्यांनी हात लावला नाही. गेल्या वर्षभरात कधीच लावला नाही.

गेल्या वर्षी हेच दिवस होते. भंडारा रोडवरच्या ज्या गॅरेजात बाबा काम करतात तिथे नत्थूजी दोन ट्रक घेऊन आले. एक स्वतः चालवत, दुसरा भाच्याकडून. नत्थूजी काटोलच्या पलीकडे एका गावात राहायचे. बगिचावाल्यांची संत्री भरून दूरदूरच्या मंडईत पोचवायची, हा त्यांचा धंदा. मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. त्यांच्या जुन्या ट्रकची चेसिस मधोमध तडकली होती. दुसरा ट्रक त्यांनी विकत घेतला होता. त्याचं इंजिन आणि चेसिस चांगली, पण डाला, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, सडलेला. तेव्हा जुन्या गाडीचा डाला उचलून या चेसिसवर बसवायचा, एवढं काम.

"मिस्त्री," ते उतरता उतरताच म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याले नवी बायको आनली. लावून द्या लग्न."

"म्हातारा कोन गा? डाला का तुमी?"

"आमी दोघंही. पन लग्न त्याचंच लावाचं आहे. माही घरवाली अजून जित्ती आहे."

बाबा सहसा हसत नाहीत. त्या दिवशी हसले. तो डाला त्यांनीच बांधलेला होता, उस्तादाच्या हाताखालून सुटल्यावर स्वतःच्या हिमतीवर केलेलं पहिलं काम. ते वर्ष माझ्या जन्माचं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, कड्या वाजवून पाहिल्या, आत चढले आणि फळ्यांवरून तळवा फिरवला. इतक्या वर्षांच्या तणसाने आणि फळांनी त्या सागवानी फळ्या पाटासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"नवा बांधून देऊ का? पत्र्याचा. हलका होईन," बाबांनी विचारायचं म्हणून विचारलं.

"नको गा. पत्र्यात संत्रं तापते. अन् नव्या फळीत डाग पडते त्याले. ह्या डाल्यात माल झोपून जाते."

माल झोपून जाते. मी तेव्हा बाजूला उभा होतो. डबा द्यायला आलो होतो, आणि परीक्षेची तयारी कंटाळवाणी झाल्यामुळे थांबलो होतो. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला ही सवय लागली होती. कोणी काही बोललं की त्यातलं चांगलं वाक्य उचलायचं.

डाला उतरवायचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. डाल्याच्या चारी कोपऱ्यांना साखळ्या, वर लोखंडी आडव्यावर कप्प्या. चार माणसं चार साखळ्या एका ठेक्यात ओढत होती आणि बाबा मधोमध उभे राहून फक्त बोट वर-खाली करत होते. डाला वीतभर उचलला गेला. खालून जुनी चेसिस हळूहळू पुढे निघून गेली, उन्हात जाऊन थांबली. पाठीवरचं ओझं काढल्यावर बैल उभा राहावा तशी. डाला चार ड्रमांवर टेकवला. पुढचे आठ दिवस तो तसाच होता, चाकं नसलेला, जमिनीपासून उंच. नत्थूजी रोज यायचे आणि आत चढून भाकर खायचे. वेल्डर अन्वरभाई त्यांना खालून विचारायचे, "क्या नत्थूजी, कौन सा स्टेशन आया?" नत्थूजी वरून ओरडायचे, "इटारसी! चाय बोल!"

आता त्या लाकडाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

चेसिस म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या. डाल्याचा खालचा सांगाडाही लोखंडाचा. पण लोखंडावर लोखंड बसवायचं नसतं. दोन्हींच्या मधात लाकूड द्यावं लागतं. रस्त्याचे धक्के ते लाकूड खातं, लोखंडाला चावू देत नाही. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही. डाला, लाकूड आणि चेसिस यांना यू-बोल्टांनी एकत्र आवळायचं, बस. बाबांना हे कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. त्यांचा उस्ताद म्हणायचा, दोन सख्खे भाऊ एका खाटेवर झोपवू नको, मधात एक सतरंजी घाल.

आणि हे लाकूड हाडासारखं सुकलेलं लागतं. ओलं असलं की भाराखाली दबतं, दबलं की बोल्ट ढिले पडतात. त्या हंगामात टालावर, म्हणजे वखारीत, सुकलेलं लाकूड मिळेना. बाबा तीन टाल फिरून आले. प्रत्येक ठिकाणी नखाने लाकूड खरवडायचे, वास घ्यायचे आणि मान हलवायचे. तिकडे बगिच्यांत तोडणी सुरू झाली होती, नत्थूजींना घाई होती.

आमच्या घराच्या गच्चीवर आजाचा माग पडून होता. पॉवरलूम आले, लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, आजाचं काम संपलं. तो वारल्यावर बाबांनी माग खोलून खांब आणि आडवी लाकडं ताडपत्रीखाली ठेवली होती. मी त्या ताडपत्रीला टेकून अभ्यास करायचो. एका सकाळी मी खाली उतरलो आणि चहा पीत बसलेल्या बाबांना म्हणालो, "आजाच्या मागाचं सागवान आहे ना वर. पन्नास-साठ वर्षांचं सुकलेलं. ते लावा."

मला काय वाटलं होतं, ते खरं खरं सांगतो. मला ते फार सुंदर वाटलं होतं. ज्या लाकडावर आजाने आयुष्यभर कापड विणलं ते लाकूड आता माझ्या बापाने बांधलेल्या डाल्याखाली जाईल, संत्र्यांचा भार घेऊन गावोगाव फिरेल. मनात मी वाक्यंही तयार केली होती. त्या लाकडाची ताकद किती, त्याला खाचा कुठे आहेत, यातलं काहीच माझ्या मनात आलं नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माग आहे तो."

"मंग काहून पडून ठेवला आहे?" आई आतून म्हणाली. "दरसाल वाळवी पाहाले मलेच वर चढा लागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात जायला लागल्यापासून त्यांच्या कामाबद्दल स्वतःहून काही बोललो होतो ते तेव्हा पहिल्यांदा. ही गोष्ट मला फार नंतर कळली. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "चाल. उचल मंग."

गॅरेजात रंधा मारल्यावर आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. वास असा आला की दोन-तीन माणसं काम सोडून पाहायला आली. अन्वरभाईंनी मात्र एक तुकडा उचलून डोळ्यासमोर धरला आणि पलीकडून माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, इसमें तो खिडकियाँ हैं."

मागाच्या खांबांना खाचा असतात, त्यांत आडवी लाकडं बसतात. त्या आरपार होत्या. बाबांनी प्रत्येक खाचेच्या मापाचा ठोकळा कापला, सरस लावून ठोकून बसवला, वरून रंधा मारला. शेवटी बोटालाही कळेना की खाच कुठे होती. नत्थूजी खूश झाले. "म्हंजे माहा माल आता मागावर चालते म्हना की!" ते मला म्हणाले, "लिही गा पोट्ट्या, हे बी लिही." मी लिहीतच होतो.

पण यू-बोल्ट कुठे येणार, हे चेसिसवर ठरतं, आपल्या मर्जीवर नाही. पुढच्या दोन बोल्टांची जागा नेमकी बुजवलेल्या खाचांवर आली, जिथे लाकूड सगळ्यात कमजोर होतं. बाबांनी लाकूड पुढे-मागे करून पाहिलं; तिथून सरकवलं की दुसरा बोल्ट दुसऱ्या खाचेवर यायचा. त्यांनी पाना लावून नट आवळला आणि कान जवळ नेला. पुन्हा आवळला, पुन्हा ऐकलं. मग चड्डीची धूळ झटकून उभे राहिले आणि बाकीचे नट आवळायला गेले. तेव्हा त्यांनी काय ऐकलं हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडी निघाली त्या दिवशी बाबांनी नत्थूजींना समोर बसवून सांगितलं, "पैली खेप करा अन् सरळ माह्याकडं या. घरी बी जाऊ नका. पैल्या भारानं लाकूड दबतेच. नट पुन्हा कसून घ्या लागन. ह्या डाल्याले तं नक्कीच."

हा नियम सगळ्याच गाड्यांना असतो. पहिल्या खेपेनंतरची कसणी झाल्याशिवाय काम पुरं झालं असं कोणी मिस्त्री म्हणत नाही. नत्थूजी हसले. "घरी नाही गेलो तं घरवाली मलेच कसून टाकन. पन येतो गा. आंघोळ बी करत नाही, असाच येतो."

फाळक्यावर पिवळ्या रंगात नवं संत्रं काढलेलं होतं. धुळीत ते बराच वेळ दिसत राहिलं.

ते आले नाहीत.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. बाबांनी फोन लावला, तो बंद होता. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही बंद. मग ते मला लावायला सांगू लागले, जणू माझ्या हाताने लागेल. भाच्याचा नंबर आमच्याकडे नव्हता. मृगाचा माल संपत आला, ठेल्यांवर टरबुजं दिसायला लागली. बाबांचा पाना गॅरेजच्या खिळ्यावर त्याच जागी टांगलेला असायचा.

बोल्ट ढिले पडले तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं. मी अन्वरभाईंना विचारलं. सांगायला ते तयार नव्हते, मग सांगितलं. भरलेली गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा चाकं थांबतात, चेसिस थांबते. डाला थांबत नाही. तो आपल्या भारानिशी पुढे येतो. पुढे केबिन असते, आणि केबिनमध्ये पाठमोरा बसलेला माणूस. "तेरे बाप ने एक बार देखा है," एवढं बोलून ते वेल्डिंगची काच तोंडावर ओढून कामाला लागले.

त्यानंतरचा उन्हाळा मी कॉलेजच्या वाचनालयात काढला. अभ्यासाच्या नावाखाली वर्तमानपत्रं वाचत होतो, मधल्या पानांवरच्या अपघातांच्या बातम्या. ट्रक, घाट, ब्रेक, चालक. गावाचं नाव वेगळं निघालं की पान उलटायचं. परीक्षेत ललित लेखाची वैशिष्ट्ये लिहा असा प्रश्न आला. मी तो अगदी व्यवस्थित लिहिला. संवेदनशीलता, आत्मपरता, कल्पनेचा मुक्त विहार. चांगले गुण मिळाले.

त्यांचं गाव माहीत होतं. बसने दोन तासांचा रस्ता. कोणी वाचणारा म्हणेल, मग जाऊन का आला नाहीत? हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाबा एका रविवारी धुतलेला शर्ट घालून बसस्टँडवर गेले आणि दुपारी कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले. आईने ती निवडायला घेतली. पावसाळ्यात एकदा मी सायकलने काटोल नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे रस्ता सरळ होता. मी पुलाखाली उभा राहून समोरून येणारे ट्रक पाहिले आणि परत फिरलो. गेलो असतो तर कळलं असतं. गेलो नाही, म्हणून आमच्या मनात नत्थूजी कुठेतरी गाडी चालवत होते, फोन हरवलेला, कामाच्या गडबडीत आम्हाला विसरलेले. तेवढ्यावर आम्ही वर्ष काढलं.

बाबा बदलले. जुना डाला नव्या चेसिसवर बसवायचं काम आलं की ते दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवतात. लाकडाऐवजी जाड रबर घालायला लागले आहेत, त्याला लाकडाची सर येत नाही असं स्वतःच म्हणत. चहाच्या टपरीसमोर कोणताही ट्रक उभा असला की वाकून त्याच्या पोटाखाली पाहतात. एकदा एक ड्रायव्हर ओरडला, "काय पाहून राहिले काका? बॉम्ब आहे का खाली?" बाबा म्हणाले, "तुमचा तिसरा नट ढिला आहे." त्याने शिवी दिली आणि निघून गेला. बाबा ती गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. एका संध्याकाळी मीच म्हणालो, "बाबा, ते लाकूड मी सुचवलं होतं."

"तू तं सांगतलं. बसवलं मी."

"पण मी सांगितलं नसतं तर..."

"खाच मले दिसत होती गा. तुले दिसत नव्हती." मग म्हणाले, "तू पैल्यांदा काही बोलला होता. नाही म्हनून नाही झालं माह्यानं."

मी गच्चीवर गेलो. माग होता तिथे सिमेंटवर चौकोनी डाग उरले आहेत, बाकीच्या गच्चीपेक्षा उजळ. तिथे आता मी बसत नाही.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. पण गेल्या रविवारी दुपारी बाबा अंगणात कूलरमध्ये नवं गवत भरत होते आणि त्यांचा फोन वाजला. हात ओले म्हणून मी तो उचलून आवाज मोठा केला आणि त्यांच्याजवळ धरला. बाईचा आवाज होता.

"मिस्त्रीभाऊ बोलता का? मी नत्थूजीची घरवाली. तुमचा नंबर त्याईच्या डायरीत भेटला. बुधवारी वर्षश्राद्ध आहे. त्याईच्या ओळखीच्या सगळ्याईले सांगून राहिलो. जेवाले या, पोराले बी आना."

आम्हाला ठाऊक असेल असं धरूनच ती बोलत होती. बाबांच्या हातातलं गवत तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, 

"गाडीत गेले का?"

"नाही गा भाऊ, घरी. पैली खेप करून आले, दारात गाडी लावली. म्हने पानी काढ, आंघोळ करतो अन् नागपूरले मिस्त्रीकडं जाऊन येतो, त्यानं बोलावलं आहे. मोरीतच बसले ते उठलेच नाही. डाक्टर म्हने हार्ट. गाडी तवापासून तशीच उभी आहे आंब्याखाली, कोनी हात नाही लावला."

बाबांनी श्वास सोडला. वर्षभर छातीत धरून ठेवलेला तो श्वास होता. अंगणाच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावा एवढा मोठा. माझेही खांदे खाली आले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. एक चांगला माणूस गेल्याचं कळलं आणि मला बरं वाटलं.

 मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमी पैले गाडीतच काहून म्हनलं?"

बाबांनी ओल्या हाताने मी धरलेला फोन माझ्याकडे सरकवला आणि पाठ फिरवली.